हिरवी उलटी आणि बंद आतडं

नवजात बाळाने हिरवी उलटी केली की आतडं कुठेतरी अडलं आहे असंच धरून चालायचं, आणि तसं नाही याची खात्री पटेपर्यंत त्याच्या तोंडात दुधाचा थेंबही घालायचा नाही. बालशल्यचिकित्सेतला हा नियम जगभर सारखाच शिकवला जातो. त्यामागचं कारण सरळ आहे. पित्त जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या भागात म्हणजे ड्युओडेनममध्ये उतरतं. ते उलट फिरून तोंडातून बाहेर येत असेल तर बहुधा पुढची वाट बंद असते. तान्ही बाळं दूध टाकतात, गुळणी टाकतात. त्यात पांढरं, फाटलेलं दूध असतं आणि त्याची कुणी काळजी करत नाही. हिरवा रंग दिसला की मात्र गोष्ट वेगळी होते.

हा अडथळा अनेक प्रकारचा असू शकतो. त्यातला एक म्हणजे अट्रेसिया. बाळाचं आतडं जन्मतःच एखाद्या जागी पूर्ण बंद असतं, कधी पडद्याने, कधी दोन टोकं एकमेकांपासून सुटल्यामुळे. पाच ते दहा हजार जन्मांमागे एक असं त्याचं ढोबळ प्रमाण सांगितलं जातं. आकडा लहान वाटतो. पण महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाखांच्या घरात बाळं जन्मतात, हे लक्षात घेतलं तर दर वर्षी काहीशे घरांत हा प्रसंग येतो.

या विषयावरचं जुनं-नवं साहित्य वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. हे आतडं कसं जोडायचं, हा प्रश्न साठ-सत्तर वर्षांपूर्वीच बहुतांशी सुटला. आज बाळ दगावतं ते टाका घालता न आल्यामुळे क्वचितच. ते दगावतं शस्त्रक्रियेच्या आधीच्या काही तासांत, नाहीतर नंतरच्या काही आठवड्यांत. म्हणून या आढाव्यात शस्त्रक्रियेइतकीच जागा तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गोष्टींना दिली आहे.

शंभर वर्षांपूर्वीचं चित्र भयाण होतं. ड्युओडेनमचा अट्रेसिया असलेलं बाळ शस्त्रक्रियेने वाचल्याची पहिली नोंद १९०५ मधली, फ्रान्सच्या व्हिदाल यांची. त्याखालच्या आतड्यासाठी तीच कामगिरी १९११ मध्ये रॉटरडॅमच्या फॉकेन्स यांनी केली. हे यश मात्र एकेकटंच राहिलं. १९३१ पर्यंत ड्युओडेनमच्या अट्रेसियाची अडीचशेहून जास्त बाळं वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली होती; शस्त्रक्रियेनंतर जगलेली फक्त नऊ. टाके नीट बसत, जोड गळत नसे, तरी आतडं चालत नसे. बाळाचं पोट फुगलेलंच राही आणि आठ-दहा दिवसांत सगळं संपे. असं का होतं, हे कुणाला उमगत नव्हतं, कारण अट्रेसिया मुळात कसा होतो हेच ठाऊक नव्हतं.

त्या काळी मान्य असलेला सिद्धांत व्हिएन्नाच्या युलियस टांडलर यांचा होता. गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात ड्युओडेनमची पोकळी पेशींनी भरून जाते आणि नंतर पुन्हा मोकळी होते, हे त्यांनी १९०० साली दाखवलं होतं. ती मोकळी झाली नाही की मार्ग बंद राहतो. ड्युओडेनमपुरतं हे स्पष्टीकरण आजही बहुतांशी टिकून आहे. चूक झाली ती हेच स्पष्टीकरण सगळ्या आतड्याला लावण्यात.

ती चूक केपटाऊनच्या यानी लाऊ यांच्या लक्षात आली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या बाळांच्या नोंदी तपासताना त्यांना एक विसंगती दिसली. अट्रेसियाच्या पलीकडच्या, म्हणजे कधीच उघड्या नसायला हव्या होत्या अशा आतड्यात पित्त सापडत होतं. गर्भाने गिळलेल्या गर्भजलातली लव आणि त्वचेच्या पेशीही सापडत होत्या. पित्त तयार व्हायला लागतं तेच तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. मग ते अडथळ्याच्या पलीकडे पोहोचलं कसं? उत्तर एकच संभवत होतं. आतडं आधी व्यवस्थित तयार झालं होतं, उघडं होतं, आणि नंतर केव्हातरी त्याचा एक तुकडा मेला. लाऊ यांचा अंदाज असा की पोटातच त्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटला असावा.

अंदाज सिद्ध करायला प्रयोग हवा होता. तो केला त्यांच्या हाताखालच्या एका तरुण डॉक्टरने, क्रिस्तियान बर्नार्डने. गाभण कुत्रीचं गर्भाशय उघडायचं, आतल्या पिल्लाच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधायच्या, सगळं पुन्हा शिवायचं आणि पिल्लू जन्माला येईपर्यंत थांबायचं. कितीतरी पिल्लं जगली नाहीत. जी जगली त्यांच्या पोटात हुबेहूब मानवी बाळासारखा अट्रेसिया होता: कुठे पडदा, कुठे दोन आंधळी टोकं जोडणारा दोरा, कुठे मधला आतड्याचा पदरच नाहीसा. मेलेला तुकडा गर्भाशयातल्या जंतुरहित वातावरणात विरघळून गेला होता. १९५५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात हे निष्कर्ष आले. बर्नार्डचं नाव जगाला माहीत झालं ते डिसेंबर १९६७ मधल्या पहिल्या मानवी हृदयरोपणामुळे. त्याची मिनेसोटा विद्यापीठातली पीएच.डी. मात्र आतड्याच्या अट्रेसियाच्या कारणांवरची आहे. हृदयरोपणाइतकंच हे कामही त्याच्या नावावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कारण या एका निष्कर्षाने सुरी कुठे चालवायची ते बदललं. तुकडा रक्ताअभावी मेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची टोकंही अर्धमेली असणार. वरच्या बाजूचं आतडं महिनोन्‌महिने बंद दाराशी ढकलाढकल करून फुगलेलं असतं. त्याच्या भिंती जाड होतात, पण आतला ऐवज पुढे ढकलण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. आधीचे शल्यचिकित्सक एक इंचही आतडं वाया जाऊ नये म्हणून हा फुगा तसाच ठेवत आणि दोन टोकं कडेकडेने जोडत. वाट उघडी व्हायची, पण त्या वाटेने काही जायचंच नाही. लाऊ यांनी फुगलेला भाग आणि खालचं निकामी टोक कापून टाकायला आणि मग टोकाला टोक जोडायला सुरुवात केली. काही वर्षांतच जगणाऱ्या बाळांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. कारण कळलं आणि उपचार बदलला, असं वैद्यकात नेहमी घडतंच असं नाही.

रक्तपुरवठ्याच्या सिद्धांताला पुढे एका दुर्दैवी मार्गानेही पुष्टी मिळाली. जुळ्यांच्या गर्भजलाची तपासणी करताना दोन्ही पिशव्यांत सुई गेली की नाही हे कळावं म्हणून काही ठिकाणी एका पिशवीत मेथिलीन ब्लू हा रंग सोडत. त्या रंगाच्या संपर्कात आलेल्या बाळांत आतड्याचा अट्रेसिया मोठ्या प्रमाणात दिसू लागला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत टाकून दिली गेली. हा रंग रक्तवाहिन्या आकुंचित करतो. रक्तवाहिन्या आकसवणारी सर्दीची काही औषधं आणि गरोदरपणातलं धूम्रपान यांच्याकडेही म्हणूनच संशयाने पाहिलं जातं.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेकडे येऊ. टेबलावरचं बाळ दोन-अडीच किलोचं असतं. त्याच्या अंगात किलोमागे ८० ते ८५ मिलिलिटर रक्त, म्हणजे दोन किलोच्या बाळाचं सगळं रक्त एका चहाच्या कपात मावेल. त्यातलं १५-२० मिलिलिटर सांडलं तर मोठ्या माणसाचं अर्धा लिटर गेल्यासारखं. म्हणून खोली उबदार ठेवतात, सलाईन कोमट करतात आणि प्रत्येक कापसाचा बोळा मोजतात. नाभीच्या वर आडवा छेद घेऊन आतडं बाहेर काढलं की विषमता लगेच नजरेत भरते. वरचं आतडं तीन-चार सेंटिमीटर रुंद, फुगलेलं. खालचं पेन्सिलीपेक्षाही बारीक, कधीच न वापरलेलं. फुगलेला भाग कापायचा, बारीक टोक तिरकं छेदून रुंद करायचं आणि केसासारख्या धाग्याने एकेरी, सुटे टाके घालत दोन्ही जोडायची. वरचा भाग फार लांब फुगलेला असेल आणि तो सगळा कापला तर आतडं कमी पडेल, असं वाटलं की त्याची एक बाजू कापून किंवा दुमडून त्याला निमुळता आकार देतात.

त्याआधी एक काम कधीच टाळायचं नसतं. खालच्या आतड्यात सलाईन सोडून ते थेट मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतं का, ते पाहायचं. काही बाळांत एकाहून अधिक ठिकाणी अट्रेसिया असतो. वरची गाठ सोडवून खालची तशीच राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. शेवटी उरलेलं आतडं फितीने मोजून नोंदवायचं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण अडीच मीटर असतं. ते ७५ सेंटिमीटरच्या आत आलं की पुढची वाट कठीण होते.

सगळ्यांत अवघड प्रकार सफरचंदाच्या सालीचा. सफरचंद सोलताना साल गोल गोल वळत निघते, तसं खालचं आतडं एकाच बारीक रक्तवाहिनीभोवती गुंडाळलेलं असतं. मुख्य धमनीची फांदीच तुटलेली असल्याने या भागाला रक्त उलट्या बाजूने, जेमतेम पोहोचतं. ही बाळं बहुधा अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची असतात. ते वेटोळं सोडवताना पीळ पडला की तीही रक्तवाहिनी जाते. एकाच घरात अशी दोन मुलं झाल्याचीही उदाहरणं आहेत. अनेक ठिकाणी अट्रेसिया होणारा आणखी एक आनुवंशिक आजार आहे. टीटीसी७ए या जनुकातल्या दोषाशी त्याचा संबंध २०१३ मध्ये कळला. त्यात प्रतिकारशक्तीही कोलमडते आणि शस्त्रक्रियेनंतर नवे अडथळे तयार होत राहतात.

ड्युओडेनमच्या अट्रेसियाला मात्र नेमका उलटा नियम लागतो. तिथे काहीही कापायचं नाही. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका याच भागात उघडतात, त्यामुळे तिथे कापाकापी म्हणजे मोठा धोका. अडथळा तसाच ठेवून त्याला वळसा घालायचा, म्हणजे वरचा आणि खालचा भाग शेजारी आणून जोडायचे. जपानचे केन किमुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली हिऱ्याच्या आकाराची जोडणी आजही सर्वाधिक वापरली जाते. वर आडवा छेद, खाली उभा छेद, आणि दोन्ही शिवले की तोंड आपोआप उघडं राहतं. २००१ पासून हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीनेही होऊ लागली. दुर्बिणीने बाळाला व्रण लहान राहतो, पण जोड गळण्याची शक्यता अनुभवी हातांवर अवलंबून असते. माझं मत असं की वर्षाला मोजकीच अशी बाळं पाहणाऱ्या केंद्राने उघडी शस्त्रक्रियाच करावी.

ड्युओडेनमच्या बाबतीत खरा गुंता टेबलाबाहेर आहे. या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो, अनेकांच्या हृदयातही दोष असतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात साठच्या दशकात असंच एक बाळ जन्मलं. डाउन सिंड्रोम आहे म्हणून आई-वडिलांनी आतड्याच्या शस्त्रक्रियेला नकार दिला, डॉक्टरांनी तो मानला, आणि बाळ उपासमारीने गेलं. त्याला कित्येक दिवस लागले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर लघुपट निघाला आणि वैद्यकीय नीतिशास्त्रातलं ते एक मूळ प्रकरण ठरलं. शस्त्रक्रिया सोपी होती आणि यशस्वी होण्याची शक्यता भरपूर होती. नकार आतड्यासाठी नव्हता, मुलासाठी होता. आपल्याकडेही ‘पुढे काय करायचं अशा मुलाचं’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रापाशीच विचारला जातो. तो विचारणाऱ्या आई-बापांना मी दोष देणार नाही. पण डाउन सिंड्रोम असलेली मुलं शिकतात, खेळतात, घरात माया लावतात, हे त्या क्षणी त्यांना सांगणारं कुणीतरी तिथे असलंच पाहिजे. शक्यतो अशाच मुलाचे आई-वडील असावेत.

जोड झाली म्हणजे बाळ दूध प्यायला लागलं असं नाही. आतडं जागं व्हायला दिवस लागतात, कधी आठवडे. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी येत राहतं. तोवर बाळाने जगायचं कशावर? साठच्या दशकापर्यंत याला उत्तर नव्हतं. ते शोधलं फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली डड्रिक यांनी, आणि योगायोग असा की तेही आधी पिल्लांवरच. बीगल जातीच्या पिल्लांना केवळ शिरेतून साखर, अमिनो आम्लं, क्षार आणि जीवनसत्त्वं देऊन त्यांनी वाढवलं. मग १९६७ मध्ये जवळजवळ सगळंच लहान आतडं अट्रेसियात गेलेल्या एका मुलीला याच पद्धतीने पोसलं. पोटात काहीही न जाता ती वाढली, तिचं वजन वाढलं. ती जवळपास दोन वर्षं जगली. तिच्यामागे जी पद्धत उरली तिला आज टीपीएन म्हणतात, आणि जगभरातल्या नवजात अतिदक्षता विभागांत ती वापरली जाते.

टीपीएनलाही किंमत आहे. मोठ्या शिरेतल्या नळीतून जंतू शिरतात, यकृत बिघडतं, कावीळ वाढते. माशाच्या तेलापासून केलेल्या स्निग्ध द्रावाने यकृताचं नुकसान कमी होतं, आणि अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते महाग आहे. टीपीएनची पिशवी जंतुरहित तयार करणं, रोज रक्त तपासणं, नळी सांभाळणं हे सगळं प्रशिक्षित परिचारिकांच्या जोरावर चालतं, आणि त्याच कमी आहेत. म्हणून आपल्याकडे काही केंद्रं शस्त्रक्रियेच्या वेळीच एक बारीक नळी नाकातून जोडाच्या पलीकडे नेऊन ठेवतात आणि एक-दोन दिवसांत तिच्यातून आईचं दूध थेंबाथेंबाने सुरू करतात. ही युक्ती स्वस्त आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. बाळाची प्रकृती नाजूक असेल तर काही शल्यचिकित्सक जोडाऐवजी आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर आणतात आणि वरून येणारा ऐवज खालच्या तोंडात पुन्हा सोडतात, म्हणजे खालचं आतडंही वाढतं आणि पोषणही वाया जात नाही. हे काम आई शिकते आणि पुष्कळदा सगळ्यांत नीट तीच करते.

श्रीमंत आणि गरीब देशांतलं अंतर किती आहे, ते एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या या अभ्यासात ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांमधली, पचनमार्गाचे जन्मजात दोष असलेली ३,८४९ बाळं होती. आतड्याचा अट्रेसिया त्या दोषांपैकी एक. श्रीमंत देशांत मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के, गरीब देशांत ३९.८ टक्के. आपण मधल्या गटात आहोत. टाके सगळीकडे सारखेच घातले जातात. फरक पडतो तो बाळ कोणत्या अवस्थेत येतं आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला काय मिळतं, यात.

बाळ कोणत्या अवस्थेत येतं, याचा विचार आपल्याकडे गावापासून करावा लागतो. गर्भजल प्रमाणाबाहेर वाढलेलं असणं ही पहिली खूण. सोनोग्राफीत जठर आणि ड्युओडेनम असे दोन बुडबुडे दिसणं ही दुसरी. पण विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीत हे बऱ्याचदा दिसतच नाही. ते नंतर उमटतं. आधी कळलं तर प्रसूती बालशल्यचिकित्सक असलेल्या शहरात करता येते. मुंबईत परळचं वाडिया किंवा केईएम, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळी. कळलं नाही तर सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांवर येतं. जन्मतःच जठरात नळी घातल्यावर वीस मिलिलिटरहून जास्त द्रव आला तर संशय घ्यावा, हे प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला माहीत असायला हवं. काळी, चिकट पहिली शी झाली म्हणून निर्धास्तही राहू नये. अट्रेसिया होण्याआधी खाली उतरलेला ऐवज बाहेर पडू शकतो.

अडथळा आतड्याच्या खालच्या भागात असेल तर पोट फुगायला दुसरा-तिसरा दिवस उजाडतो. तोवर लवकर घरी सोडलेलं बाळ गावी पोहोचलेलं असतं. मग घुटी दिली जाते, दृष्ट काढली जाते, दूध बदललं जातं, आणि त्यात एक-दोन दिवस जातात. इथे आशाताईची तिसऱ्या दिवसाची भेट निर्णायक ठरू शकते. घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याची ही पद्धत देशाला गडचिरोलीने दिली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा त्यावरचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्येच आला होता. त्या भेटीत वजन, ताप, श्वास हे पाहिलं जातं. उलटीचा रंगही तितक्याच नेमाने विचारला गेला पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत जन्मजात दोष म्हणून दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयदोष, मोतीबिंदू, डाउन सिंड्रोम आहेत. आतड्याचा अट्रेसिया नाही. जे डोळ्यांना दिसतं त्यावर कार्यक्रमाचा भर राहिला. तपासणीने सापडणाऱ्या या दोषाला यादीत जागा मिळायला हवी, कारण इथे हातात महिने नसतात, तास असतात.

रुग्णवाहिकेतला प्रवासही उपचारच आहे. नाकातून जठरात नळी घालून पोट रिकामं ठेवणं, म्हणजे उलटी फुफ्फुसात जात नाही. शिरेतून पाणी आणि साखर. आणि ऊब. इन्क्युबेटर नसेल तर आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून, वरून चादर घालून आणता येतं. चार तासांच्या प्रवासात गारठलेल्या बाळाला आधी गरम करण्यातच पुढचे सहा तास जातात, आणि तोवर शस्त्रक्रिया थांबते. हिरव्या उलटीमागे आतड्याचा पीळ असेल तर तेवढ्या वेळात सगळं आतडं काळं पडू शकतं. म्हणून अट्रेसियाच असेल असं गृहीत धरून निवांत राहणंही परवडत नाही.

आतडं फार कमी उरलेल्या मुलांसाठी आता पूर्वी नव्हते ते मार्ग आहेत. १९८० मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅड्रियन बियांकी यांनी फुगलेलं आतडं लांबीत दुभागून त्याचे दोन करायची पद्धत काढली. २००३ मध्ये बॉस्टनहून आडवे, आलटून पालटून टाके घालत आतड्याची रुंदी लांबीत बदलण्याची सोपी पद्धत आली. लहान मुलाचं आतडं स्वतःही वाढतं. पन्नास सेंटिमीटरवर सुरुवात केलेलं मूल काही वर्षांत पूर्ण तोंडाने खाऊ लागल्याची उदाहरणं आहेत, विशेषतः लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप वाचली असेल तर.

बरं होऊन घरी गेलेल्या मुलाचं पुढे काय, याकडे मात्र आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ड्युओडेनम वर्षांनंतर पुन्हा फुगू शकतं. उलट्या, जळजळ, वजन न वाढणं अशा तक्रारी शाळेच्या वयात सुरू होतात आणि तेव्हाच्या डॉक्टरला जुनी गोष्ट ठाऊकच नसते. पोटातल्या जुन्या शिवणीमुळे आतडं कधीही चिकटू शकतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर शरीरातला बी-१२ चा साठा हळूहळू संपतो आणि कमतरता उशिरा दिसते. इंजेक्शन घेतलं की ती भरून निघते, पण आधी ती तपासावी लागते. म्हणून दवाखान्यातून सुटी देताना कोणता भाग काढला, किती सेंटिमीटर आतडं उरलं आणि झडप राहिली की गेली, हे मराठीत लिहून, शिक्का मारून आई-वडिलांच्या हातात द्यायला हवं. लसीकरणाच्या कार्डालाच ते कागद टाचले, तर ते हरवत नाहीत.